बिगिन हिलचं हवाई दल स्मारक संग्रहालय आणि चॅपेल : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

लंडनला पहिल्यांदा येणाऱ्या मराठी माणसाची यादी साधारण ठरलेली असते. टॉवर ब्रिज, बकिंगहॅम पॅलेस, किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर, लॉर्ड्स, वेळ उरलाच तर ग्रीनिच. बिगिन हिल त्या यादीत सहसा नसतं. ज्यांच्या यादीत असतं, त्यांचाही कुठे उतरायचं, तिकीट कशाचं काढायचं आणि आत नेमकं काय बघायचं, यात गोंधळ उडतो. मी दक्षिण लंडनमध्ये राहतो. भारतातून आलेल्या नातेवाइकांना आणि इथे शिकायला आलेल्या मुलांना घेऊन तिथे जाणं होतं. ते जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं एकदाची नीट लिहून ठेवावीत म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. बिगिन हिल हे लंडनच्या आग्नेय टोकाचं, ब्रॉम्ली बरोच्या हद्दीतलं गाव. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, इथे लष्करी विमानतळ सुरू झाला आणि विमानातल्या बिनतारी संदेशयंत्रणेचे प्रयोग इथे होऊ लागले. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर जर्मन हवाई दल ब्रिटनवर तुटून पडलं. लंडनच्या दक्षिणेची राखण करणाऱ्या तळांमध्ये बिगिन हिल पहिल्या फळीत होतं. १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० या काळातल्या हवाई लढाईला 'बॅटल ऑफ ब्रिटन' म्हणतात. ब्रिटिश बाजूने लढलेले वैमानिक आणि विमानातले इतर सैनिक जेमतेम तीन हजार होते, त्यातले ५४४ त्या लढाईतच गेले.

तळावरचं पहिलं चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनामंदिर, १९४३ मध्ये साध्या तयार झोपड्या एकत्र जोडून उभारलेलं होतं. नोव्हेंबर १९४६ मध्ये ते आगीत जळालं. नव्या चॅपेलसाठी निधी जमवायच्या कामाला चर्चिल यांनी पाठबळ दिलं. कोनशिला जुलै १९५१ मध्ये बसवली, ती लढाईच्या वेळी फायटर कमांडचे, म्हणजे ब्रिटनच्या लढाऊ विमानदळाचे, प्रमुख असलेल्या डाउडिंग यांच्या हस्ते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विटांचं नवं सेंट जॉर्जेस चॅपेल उघडलं. शेजारचं संग्रहालय बरंच नवीन आहे, २०१९ चं.

आता मुद्द्याची गोष्ट. इथे नुसती विमानं बघायला गेलात तर अर्ध्या तासात बाहेर याल आणि 'एवढंच होतं का' असं म्हणाल. इथे जाताना एखाद्या माणसाचं नाव मनाशी धरून जा. खालच्या बऱ्याच सूचना त्याच दृष्टीने लिहिल्या आहेत.

१. कुठे जायचंय ते आधी पक्कं करा

या विषयावरची स्मारकं इंग्लंडच्या दक्षिण भागात बरीच आहेत आणि सगळ्यांच्या नावांत 'बॅटल ऑफ ब्रिटन' किंवा 'मेमोरियल' असतंच. त्यामुळे फोनच्या नकाशात घाईने नाव टाकणारे भलतीकडे पोहोचतात.

फोकस्टनजवळ समुद्रकाठच्या कड्यावर कॅपल-ल-फर्न इथे बॅटल ऑफ ब्रिटनचं राष्ट्रीय स्मारक आहे. जागा सुंदर आहे, पण लंडनपासून लांब आणि तिथे हे चॅपेल नाही. त्याच भागात हॉकिंजला वेगळं संग्रहालय आहे. लंडनमध्ये हेंडनला रॉयल एअर फोर्सचं, म्हणजे आरएएफ या ब्रिटिश हवाई दलाचं, मोठं संग्रहालय आहे. तिथे प्रवेश मोफत आहे आणि खरी विमानं भरपूर आहेत. स्ट्रँडवरचं सेंट क्लेमेंट डेन्स हे हवाई दलाचं मुख्य चर्च, तेही वेगळं. थेम्सकाठी रनीमीडला, ज्यांची कबरच सापडली नाही अशा वीस हजारांहून जास्त हवाई सैनिकांचं स्मारक आहे.

तुम्हाला जायचंय ते 'बिगिन हिल मेमोरियल म्युझियम' आणि त्याला लागून असलेलं 'सेंट जॉर्जेस आरएएफ चॅपेल ऑफ रिमेंबरन्स'. पत्ता मेन रोड, बिगिन हिल. नकाशात हे पूर्ण नाव टाका. नुसतं 'बिगिन हिल एअरपोर्ट' टाकलं तर टॅक्सीवाला तुम्हाला खासगी जेट विमानांच्या दारात नेऊन सोडेल. विमानतळ आजही चालू आहे.

२. दिवस आणि वेळ

संग्रहालय आठवड्याचे सातही दिवस उघडं असेल असं धरून चालू नका. निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची वेळ बघा आणि शेवटचा प्रवेश किती वाजता तेही बघा. इंग्लंडमधली लहान संग्रहालयं दुपारी लवकर आवरतात. 'चारला पोहोचू, पाचपर्यंत बघू' हा आपला हिशोब इथे चालत नाही.

चॅपेल नुसतं प्रदर्शन म्हणून ठेवलेलं नाही. तिथे आजही प्रार्थना होतात, कधी लग्न असतं, कधी बारसं, कधी एखाद्या जुन्या सैनिकाचा निरोप. अशा वेळी चॅपेल थोडा वेळ पाहुण्यांसाठी बंद असू शकतं. रविवारी जायचं असेल तर हे आधी विचारून घ्या.

दोन दिवस खास आहेत. १५ सप्टेंबर हा बॅटल ऑफ ब्रिटनचा स्मृतिदिन मानतात, त्याच्या आसपासच्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे रिमेंबरन्स संडेला, अशा ठिकाणी मोठी गर्दी असते. समारंभ बघायचा असेल तर जरूर जा. पण शांतपणे नावं वाचायची असतील तर हे दिवस टाळा. पहिल्यांदा जाणाऱ्याने आठवड्यातला साधा दिवस निवडावा, सकाळची वेळ धरावी आणि ऊन असेल तर उत्तमच. ऊन कशासाठी, ते आठव्या टप्प्यात येईल.

३. जवळ काय काय हवं

• प्रत्येक माणसाचं वेगळं कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा ऑयस्टर, म्हणजे लंडनमधल्या प्रवासाचं कार्ड. ही लंडनमधली सगळ्यात नेहमीची फसगत आहे. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, आणि आई-बाबा दोघे मिळून एकच कार्ड टेकवू शकत नाहीत. भारतातलं कार्ड वापरणार असाल तर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून सुरू करून ठेवा. ते विमानात बसण्याआधीच करा, कारण ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो आणि तो नंबर इथे चालेलच असं नाही.

• संग्रहालयाचं तिकीट ऑनलाइन काढलं असेल तर त्याचा फोटो फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. ज्येष्ठ नागरिक किंवा विद्यार्थी सवलत घेणार असाल तर वयाचा पुरावा किंवा कॉलेजचं ओळखपत्र घ्या. पासपोर्टची मूळ प्रत फिरवू नका, फोनमधली प्रत पुरते.

• वाऱ्याला अडवणारं जाकीट. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १८० मीटर उंचावर, नॉर्थ डाउन्सच्या टेकड्यांवर आहे. मध्य लंडनमध्ये शर्टवर फिरणारा माणूस इथे बसस्टॉपवर कुडकुडतो. वैमानिक या तळाला लाडाने 'द बम्प', म्हणजे उंचवटा, म्हणायचे.

• छोटी वही आणि पेन. नावं, तुकड्यांचे क्रमांक, तारखा लिहून घ्याव्याशा वाटतात.

• जवळचं दिसायचा चष्मा. वयस्कर मंडळी हा हमखास हॉटेलवर विसरतात आणि मग दुसऱ्याकडून नावं वाचून घ्यावी लागतात.

• थोडा सुका खाऊ. संग्रहालयात कॅफे आहे, पण शुद्ध शाकाहारी माणसाने त्यावर अवलंबून राहू नये. डबा बाहेर बसून खावा.

४. एक नाव शोधून ठेवा

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि तो घरी बसूनच करायचा आहे. चॅपेलमध्ये वेदीमागच्या फलकांवर बिगिन हिल सेक्टरमधून, म्हणजे लढाईसाठी या तळाच्या ताब्यात असलेल्या विभागातून, उड्डाण करून मृत्युमुखी पडलेल्या साडेचारशेहून जास्त जणांची नावं आहेत. आधी काहीच माहिती नसेल तर ती नावं म्हणजे एक लांबलचक यादी वाटते. त्यातल्या एकाची जरी हकीकत माहीत असली, तरी त्याच्या शेजारची नावंही माणसांची वाटायला लागतात.

कुणाचं नाव घ्यावं? सुरुवातीला मी रने मुशोत या फ्रेंच वैमानिकाचं सुचवतो. फ्रान्सने शरणागती पत्करल्यावर तो उत्तर आफ्रिकेतून विमान घेऊन जिब्राल्टरला निसटला आणि पुढे इंग्लंडला आला. १९४३ मध्ये तो बिगिन हिलच्या फ्रेंच 'अल्सास' तुकडीचा, म्हणजे ३४१ स्क्वाड्रनचा प्रमुख होता. या विभागाने पाडलेल्या शत्रूच्या विमानांचा आकडा मे १९४३ मध्ये एक हजारावर गेला, त्या चकमकीच्या मानकऱ्यांत त्याचं नाव आहे. २७ ऑगस्ट १९४३ ला तो परतला नाही. त्याचा देह बेल्जियमच्या किनाऱ्याला लागला आणि पुढे त्याला पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत आणलं गेलं. देश शत्रूच्या ताब्यात, घरचे तिथेच अडकलेले आणि हा परक्या गणवेशातल्या माणसांबरोबर रोज सकाळी उड्डाण करतोय. हे डोक्यात ठेवून चॅपेलमध्ये पाऊल टाकलं की फरक कळतो.

आपल्याकडचं कुणी होतं का, हा प्रश्न प्रत्येक भारतीय पाहुणा विचारतो. उत्तर होय असं आहे आणि ते फारसं कुणाला माहीत नाही. हरदित सिंग मलिक हे रावळपिंडीचे, ऑक्सफर्डला शिकलेले, ससेक्सकडून क्रिकेट खेळलेले. पहिल्या महायुद्धात त्यांनी रॉयल फ्लाइंग कोअर या ब्रिटनच्या तेव्हाच्या लष्करी विमानदलात प्रवेश मिळवला. हेल्मेट पगडीवर बसावं म्हणून त्यांनी ते खास मोठं बनवून घेतलं होतं. १९१७ मध्ये लढताना त्यांच्या पायात गोळ्या घुसल्या. बरे झाल्यावर १९१८ मध्ये ते लंडनच्या रक्षणासाठी असलेल्या १४१ स्क्वाड्रनमध्ये होते आणि ही तुकडी बिगिन हिललाच होती. पुढे ते स्वतंत्र भारताचे कॅनडातले उच्चायुक्त आणि फ्रान्समधले राजदूत झाले. दीर्घायुष्य लाभल्यामुळे त्यांचं नाव मृतांच्या फलकावर नाही. पण ज्या माळावर तुम्ही उभे राहणार आहात, तिथून एक पगडीवाला वैमानिक उडायचा, एवढं मुलांना जरूर सांगा.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या शरद ऋतूत, २४ भारतीय वैमानिकांची तुकडी ब्रिटनला आली. त्यातले मोहिंदर सिंग पुज्जी हरिकेन हे लढाऊ विमान चालवायचे. केंटमधल्या ग्रेव्हसेंडला २०१४ मध्ये त्यांचा पुतळा उभारला गेला. आणि मराठी वाचकांनी लक्षात ठेवावं असं नाव म्हणजे शैलेंद्र एकनाथ सुखटणकर. ते लढाऊ विमानांत नव्हते, बॉम्बर कमांडच्या ८३ स्क्वाड्रनमध्ये नेव्हिगेटर, म्हणजे विमानाला वाट दाखवणारे, होते. रात्रीच्या अंधारात नकाशा, घड्याळ आणि गणित यांच्या जोरावर लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानाला लक्ष्यापर्यंत नेणं आणि परत आणणं हे त्यांचं काम. त्यांना डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक मिळालं. त्याच ८३ स्क्वाड्रनकडे असलेलं आर ५८६८ क्रमांकाचं लँकेस्टर आज हेंडनच्या संग्रहालयात उभं आहे. बिगिन हिल आवडलं तर पुढची फेरी तिथे करा.

नाव शोधायला दोन साधनं पुरतात. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर आडनाव, सेवादल आणि मृत्यूचा काळ टाकून शोध घेता येतो. बॅटल ऑफ ब्रिटनच्या लंडन स्मारकाच्या संकेतस्थळावर त्या लढाईतल्या वैमानिकांच्या छोट्या हकीकती आहेत. कमिशनच्या शोधात ठिकाण म्हणून 'बिगिन हिल' टाकू नका. तिथलं ठिकाण म्हणजे कबर किंवा स्मारक जिथे आहे ते, माणूस जिथून उडाला ते नव्हे. बिगिन हिलहून गेलेले आणि समुद्रात नाहीसे झालेले बरेच जण रनीमीडच्या नोंदीत सापडतात.

याच शोधात तुमच्या घरातलं एखादं नावही सापडू शकतं. आजोबांचे भाऊ हवाई दलात होते आणि ब्रह्मदेशाच्या लढाईत गेले, एवढंच ऐकून असलेली कुटुंबं महाराष्ट्रात आहेत. भारतीय हवाई दलातल्या, कबर नसलेल्या अनेकांची नावं सिंगापूरच्या स्मारकावर आहेत आणि ती कमिशनच्या याच संकेतस्थळावर शोधता येतात. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन-चार प्रकारांनी टाकून बघा. त्या काळच्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं असतं.

५. पोहोचायचं कसं

बिगिन हिलला रेल्वे स्टेशन नाही. व्हिक्टोरियाहून ब्रॉम्ली साउथला जायचं, जलद गाडीने सुमारे वीस मिनिटं लागतात. तिथून २४६ किंवा ३२० क्रमांकाची बस घ्यायची. बसला अर्धा ते पाऊण तास धरा. ऑर्पिंग्टनच्या बाजूने येणाऱ्यांना आर२ बस आहे. रेल्वेत चढताना आणि उतरताना दोन्हीकडे कार्ड टेकवायचं, बसमध्ये फक्त चढताना. जे कार्ड किंवा फोन चढताना टेकवला, तोच उतरताना टेकवायचा. कार्ड आणि त्याच कार्डाचा फोन ही यंत्रणा वेगवेगळी माणसं समजते आणि मग जास्तीचे पैसे कापले जातात.

बसच्या वरच्या मजल्यावर पुढे जागा मिळाली तर बसा. केस्टनच्या पुढे घरं विरळ होतात, शेतं लागतात, मग डाव्या हाताला विमानतळाचं मोकळं मैदान उघडतं. इथे सावध व्हा, बेल वाजवायची वेळ जवळ आली. गावात शिरलात तर पुढे गेलात.

६. दारातली दोन विमानं

चॅपेलच्या बाहेर एक स्पिटफायर आणि एक हरिकेन उभं आहे. दोन्ही पूर्ण आकाराच्या प्रतिकृती आहेत. जुन्या काळी इथे खरी विमानं होती, ती उघड्यावर खराब होऊ नयेत म्हणून हलवली आणि त्यांच्या जागी या उभ्या केल्या. मुलांना वर चढवून फोटो काढू नका.

दोन विमानांतला फरक मात्र इथेच समजावून घ्या. हरिकेनचा मागचा भाग लाकूड-कापडाने मढवलेला, त्यामुळे गोळ्या लागल्या तरी तळावर पटकन दुरुस्त व्हायचा. स्पिटफायरचं सगळं अंग धातूचं, पंख पातळ आणि टोकाला निमुळते होत गेलेले. नाव स्पिटफायरचं जास्त झालं, पण १९४० मध्ये संख्येने हरिकेन जास्त होती.

ज्यांना खरी, उडणारी स्पिटफायर बघायची आहेत त्यांच्यासाठी विमानतळावर हेरिटेज हँगर आहे. ती वेगळी संस्था, वेगळं बुकिंग आणि वेगळे पैसे. संग्रहालयाच्या तिकिटात ते येत नाही.

७. संग्रहालय : आधी हे, मग चॅपेल

क्रम उलटा करू नका. संग्रहालय लहान आहे, फोटो, पत्रं, वैयक्तिक वस्तू आणि आठवणी यांच्यावर ते उभं आहे. तासभर पुरतो, पण घाई केली तर हाती काही लागत नाही.

आत जाण्याआधी एक व्यवस्था समजून घ्या, म्हणजे नकाशे आणि टेलिफोन इतके का आहेत ते कळेल. समुद्रकाठची रडार केंद्रं येणारी विमानं टिपायची. किनारा ओलांडल्यावर डोळ्यांनी आणि कानांनी माग काढणारे निरीक्षक होते. ही सगळी माहिती टेलिफोनवरून स्टॅनमोरच्या बेंटली प्रायरीला जायची, तिथे, फायटर कमांडच्या मुख्यालयात, छाननी होऊन आग्नेय इंग्लंड सांभाळणाऱ्या अक्सब्रिजच्या ११ ग्रुपकडे आणि बिगिन हिलसारख्या सेक्टर तळांकडे यायची. तळावरच्या टेबलावर मोठा नकाशा पसरलेला असे. महिला सहायक हवाई दलातल्या, म्हणजे 'वाफ'मधल्या मुली लांब काठ्यांनी त्यावर खुणेचे ठोकळे सरकवायच्या. नियंत्रक ते बघून आकाशातल्या वैमानिकांना दिशा सांगायचे. एक दुवा तुटला की वर उडणारे आंधळे.

म्हणून या संग्रहालयात जमिनीवरच्या माणसांकडे जास्त लक्ष द्या. १८ ऑगस्ट १९४० च्या हल्ल्यात सार्जंट जोन मॉर्टिमर शस्त्रागारात टेलिफोनवर होती. आजूबाजूला स्फोटकांचा साठा. बॉम्ब पडत असताना ती निरोप पोहोचवत राहिली. हल्ला ओसरला तसा हातात लाल झेंड्या घेऊन ती धावपट्टीकडे गेली आणि न फुटलेल्या बॉम्बशेजारी एकेक झेंडी रोवत सुटली, कारण आकाशातली आपली विमानं परत उतरायची होती. त्यातला एखादा बॉम्ब केव्हाही फुटू शकला असता.

३० ऑगस्टच्या संध्याकाळी कमी उंचीवरून आलेल्या थोड्याच विमानांनी तळाची वाताहत केली. एका खंदकावर थेट बॉम्ब पडला. त्या हल्ल्यात ३९ जण गेले. त्यानंतरच्या दोन दिवसांत पुन्हा हल्ले झाले, ऑपरेशन्स रूमवर, म्हणजे त्या नकाशाच्या खोलीवर, बॉम्ब पडला, तरी सार्जंट हेलन टर्नर आणि कॉर्पोरल एल्सपेथ हेंडरसन आपापल्या जागा सोडेनात. या तिघींना मिलिटरी मेडल मिळालं. ऑपरेशन्स रूम गेल्यावर तात्पुरतं काम गावातल्या एका खाटकाच्या दुकानातून चाललं. मटणाच्या दुकानात टेलिफोनच्या तारा ओढून लंडनचं रक्षण चालू ठेवलं होतं, हे मी जेव्हा पाहुण्यांना सांगतो तेव्हा त्यांना आधी खरं वाटत नाही.

इथे मार्गदर्शन करणाऱ्या स्वयंसेवकांना प्रश्न विचारा. आपली माणसं इंग्रजीच्या संकोचाने गप्प राहतात. मोडक्या वाक्यात विचारलं तरी ते मनापासून सांगतात, आणि तुम्ही शोधून आणलेलं नाव त्यांच्यापुढे ठेवलंत तर विचारूच नका. भारतातून आलेल्या पाहुण्याने १४१ स्क्वाड्रनचं नाव घेतलं की गप्पा रंगतात.

८. चॅपेल

चपला-बूट काढायचे नाहीत. पुरुषांनी टोपी काढायची. पगडी किंवा डोक्यावरचा पदर तसाच ठेवायचा. ख्रिस्ती नसलात तरी तुमचं स्वागत आहे, हात जोडायचे असतील तर जोडा. फुलांचा हार, उदबत्ती असं काही आणू नका. काही ठेवायचंच असेल तर इथली रीत कागदी लाल पॉपीची, म्हणजे खसखशीच्या फुलाची, आहे. फोटो काढायच्या आधी विचारा आणि फोनचा आवाज बंद करा. कुणी बाकावर डोळे मिटून बसलेलं असेल तर त्याच्या समोरून जाऊ नका, मागून जा. तिथे येणाऱ्यांत अजूनही त्या कुटुंबातली माणसं असतात.

मधल्या वाटेने सावकाश वेदीपर्यंत जा आणि आधी नावं वाचा. तुम्ही शोधून आणलेलं नाव सापडलं की त्याच्या वरची आणि खालची दोन-दोन नावंही वाचा. मी एका वृद्ध बाईंना तिथे नावं हलक्या आवाजात म्हणताना ऐकलं आहे, एकही न गाळता. मला ती पद्धत फार योग्य वाटली. तेव्हापासून माझ्याबरोबर येणाऱ्यांना मी मनातल्या मनात न वाचता ओठांनी वाचायला सांगतो.

मग खिडक्यांकडे वळा. रंगीत काचा ह्यू ईस्टन यांच्या आहेत. वेस्टमिन्स्टर ॲबीतली बॅटल ऑफ ब्रिटनची खिडकीही त्यांचीच. इथे तरुण, पंख असलेल्या आकृत्या दिसतात, त्यांच्या हातात इथल्या तुकड्यांची चिन्हं. ऊन हवं ते यासाठी. ढगाळ दिवशी या काचा मंद दिसतात आणि चिन्हांवरची अक्षरं वाचता येत नाहीत. तुमच्या वैमानिकाच्या तुकडीचा क्रमांक वहीत लिहिलेला असेल, तर तो खिडक्यांत शोधा.

यानंतर बहुतेक लोक बाहेर पडतात आणि एक मोठी गोष्ट राहून जाते. लगतच्या सेंट जॉर्जेस रूममध्येही रंगीत खिडक्या आहेत, त्या नंतरच्या काळातल्या. त्यांवर जमिनीवरच्या सेवा आहेत. पॅराशूटची घडी घालणाऱ्या स्त्रिया देवळाच्या काचेत बसवलेल्या मी दुसरीकडे कुठे पाहिलेल्या नाहीत. रेशमाची ती घडी चुकली की वरचा माणूस गेला. दिवसभर तेच काम, कुणाचं नाव नाही, कुणाला पदक नाही. त्यांना वेदीच्या शेजारच्या खोलीत मानाची जागा दिली, हे मला या सबंध वास्तूतलं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं. ही खोली त्या वेळी बंद दिसली तर स्वयंसेवकाला विचारा, नुसतं दार बघून परत फिरू नका.

९. मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर

अकरा वर्षांखालच्या मुलांना लंडनच्या बसमध्ये पैसे पडत नाहीत. सहा-सात वर्षांच्या मुलाला नावांच्या फलकापुढे अर्धा तास उभं करू नका. त्याला लाल झेंड्यांची गोष्ट सांगा आणि विमान बघू द्या. दहाच्या पुढच्या मुलाला एक नाव शोधायची जबाबदारी द्या. तो तुमच्यापेक्षा नीट शोधतो.

आई-बाबांना घेऊन जाताना येता-जाता मिळून प्रवासाचे तीन तास धरा आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. बस नको असेल तर ब्रॉम्ली साउथपर्यंत रेल्वे आणि पुढे टॅक्सी हा मधला मार्ग बरा. मध्य लंडनहून थेट टॅक्सी फार महाग पडते आणि वेळही जास्त खाते.

१०. उरलेला दिवस आणि परतीची बस

दुपार मोकळी असेल तर २४६ बस पुढे वेस्टरहॅमला जाते. तिथल्या हिरवळीवर चर्चिल यांचा पुतळा आहे आणि गावापासून थोड्या अंतरावर त्यांचं चार्टवेल हे घर. ते त्यांनी १९२२ मध्ये घेतलं होतं. बिगिन हिलशी त्यांचा जिव्हाळा का होता, ते हे अंतर बघितल्यावर कळतं. दुसऱ्या बाजूला डाउन गावात डार्विनचं घर आहे. १८४२ पासून मरेपर्यंत तो तिथे राहिला. दोन्ही ठिकाणं चांगली आहेत, पण एका दिवसात तिन्ही उरकू नका. माझं ऐकाल तर चॅपेलनंतर फार तर एकच, आणि तेही बरोबरच्यांची इच्छा असेल तर.

ब्रॉम्लीला परतायची बस, ज्या बाजूला उतरलात त्याच्या समोरच्या बाजूच्या थांब्यावर येते. रस्ता वाहता आहे, चॅपेलच्या दारातून निघून सरळ धावत ओलांडू नका, वाहनं बघून थांबून ओलांडा. थांब्यावर २४६, ३२० आणि आर२ या तीनही बस दिसतील. आर२ ऑर्पिंग्टनला जाते, तेव्हा ब्रॉम्ली साउथची गाडी पकडायची असेल तर तिच्यात चढू नका. बस येताना दिसली की हात दाखवा. खिशातून सकाळचंच कार्ड काढून ठेवा.